स्लाइडवरचा बाण

काकूच्या घरात समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्याखाली चौकोनी डाग. आजूबाजूचा रंग धुरानं काळवंडलेला, तेवढाच चौकोन उजळ. तिथे माझ्या काकांचा फोटो असायचा. काकूनं तो स्वतःच्या हातानं उतरवला, पण तिच्यावर ती वेळ मी आणली. भलेपणानं आणली, असंही म्हणता येईना. मला टाळ्या हव्या होत्या.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, काकूसुद्धा. त्यांना मूलबाळ झालं नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि मी कोणत्या घरची हे त्या दिवशी कुठली भाजी चांगली झाली त्यावर ठरायचं. वडिलांना वाटत होतं, पोरीनं डी.एड. करावं आणि जवळची शाळा धरावी. काकांनी ऐकलं नाही. विज्ञान शाखेच्या प्रवेशाला त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फाट्यापर्यंत नेलं आणि एसटीत बसवून दिलं. वाटेत एवढंच म्हणाले, "मी शिकवलेलं पोरायले समजते का नाई, हे मले रोज कळते. तुहं तसं राहणार नाई. तुले कोणी इचारणारच नाई. म्हणून तूच सोताले इचारत जाजो."

पुढे मी नागपूर, मग पुणे करत विषाणू आणि कॅन्सर यांच्या नात्यावर संशोधन करू लागले. नेमकं सांगायचं तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर. आमच्याकडच्या बाया त्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा काकांनी विचारलं, "विषाणू म्हंजे सर्दीचा ना? थो कॅन्सर कसा करते?" मी प्रथिनं, जनुकं, साखळ्या असं बरंच काही झोडलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुले समजलं असंल. पण मले समजंल असं सांगशील तवाच मी मानीन."

त्याला मला काही वर्षं लागली. शेवटी एकदा अंगणात बाजेवर बसून सांगितलं की प्रत्येक पेशीत एक चौकीदार असतो. पेशीत काही बिघाड झाला की तो ओरडतो, थांब, आता वाढू नको. हा विषाणू शिरला की त्या चौकीदारालाच नाहीसा करतो. बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावतं. एखाद्या बाईत मात्र तो वर्षानुवर्षं दडून बसतो, आणि चौकीदार नाही म्हटल्यावर पेशी सुटतात त्या सुटतातच. काका खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चौथीच्या पोरांना शिकवून टाकलं. गावात काही दिवस पोरं चौकीदार-चौकीदार खेळत होती.

प्रयोगशाळेचं काम बाहेरून वाटतं तितकं काही थोर नसतं. आमच्याकडे कॅन्सरच्या पेशी काचेसारख्या चपट्या बाटल्यांतून, गुलाबी पाण्यात वाढतात. त्यांना वेळेवर खायला घालावं लागतं, नाही तर मरतात. कुण्या एका बाईच्या गाठीतून फार पूर्वी काढलेल्या त्या पेशी. बाई केव्हाच गेली, पेशी जगताहेत. त्यांना खायला घालायला मी एकदा दिवाळीच्या दिवशीही गेले आहे. त्या वर्षी काका गेल्यानंतरची काकूची पहिलीच दिवाळी होती. मी तिच्याकडे गेले नाही. बाटल्यांचं कारण खरं होतं, म्हणून ते सांगायला सोपं गेलं.

काका अचानक गेले, छातीत दुखून. त्यानंतर थोड्याच काळानं मी वर्ध्याला परतले, लग्न, संसार, नोकरी सगळं इथंच. आता बाटल्या कमी आणि बाया जास्त, असं काम होतं. खेड्यांतल्या बायांमध्ये हा विषाणू किती आणि कोणत्या जातीचा आढळतो ते पाहायचं. बाया स्वतःच कापसाच्या काडीनं नमुना घेतात आणि नळीत घालून देतात. नळीवर फक्त आकडा असतो. नमुना कुणाचा हे कुणालाही सांगायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो चांगला नियम आहे. मी त्याचं काय केलं ते पुढे येईल.

आमच्याकडे आणखी एक रिवाज आहे, तो कुठे लिहिलेला नाही. तपासणीचं नवं साहित्य आलं की ते नीट चालतं का हे बघायला प्रयोगशाळेतल्या बायका आपापलेच नमुने लावतात. हसत-खिदळत चालतं ते सगळं. एकदा त्यात माझ्या नळीत विषाणू निघाला. नळीवर आकडाच होता, पण आपला आकडा आपल्याला माहीत असतो. मैत्रिणी म्हणाल्या, "साहित्य तर चांगलं चाललं!" आणि मीही त्यांच्याबरोबर हसले.

घरी येऊन मी काय केलं? मला सगळं ठाऊक होतं. हा विषाणू जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो. तो कधी आला, कुणाकडून आला हे जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. अंगात निमूट राहून तो वर्षांनीही दिसू शकतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. आणि त्याच संध्याकाळी मी नवऱ्याच्या शर्टाचे खिसे तपासले. तो कामासाठी अधूनमधून पुण्याला जायचा. त्याची तिकिटं पाहिली. तो अंघोळीला गेल्यावर फोन पाहिला. त्याच्याशी धड बोलेना. काही सापडलं नाही, सापडणार तरी काय? पुढच्या वर्षी माझी नळी कोरी आली. विषाणू गेला. मी नवऱ्याला काहीच सांगितलं नाही, आणि पुन्हा गोड बोलू लागले.

आता त्या बाणाकडे येते.

आमच्या गावातल्या बायांचे नमुने घ्यायचे ठरले तेव्हा मी हट्टानं सांगितलं की तिथे मीच बोलणार. पौर्णिमेचा दिवस होता. विहारात वंदना झाली, पांढऱ्या साड्यांतल्या बाया तशाच बसून राहिल्या, आणि मी भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला. काकू पहिल्या रांगेत, मान ताठ. पोरगी बोलणार म्हणून ती नवी साडी नेसून आली होती.

मास्तरांनी घालून दिलेली अट माझ्या डोक्यात होती: समजेल असं सांग. म्हणून मी सगळं सोपं केलं. एका स्लाइडवर पुरुषाचं चित्र, शेजारी बाईचं, आणि पुरुषाकडून बाईकडे जाणारा लाल बाण. म्हटलं, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. मग काकूच्या घरासमोर राहणारी एक बाई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते आणि जिच्या तोंडाला कुलूप नाही, तिनं विचारलं, "म्हंजे बाईची चूक असते म्हण ना मंग?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "बाई बिचारी घरातच असते. घरात आणतो तो माणूस!"

काय टाळ्या पडल्या! म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. जन्मभर सगळा दोष आपल्याच पदरात घेतलेल्या बाया त्या. कुणीतरी शिकलेलं माणूस पहिल्यांदा उलटं बोललं होतं. मला फार बरं वाटलं. ते वाक्य अर्धंच खरं होतं हे मला बोलतानाच ठाऊक होतं. तो सगळ्यांनाच होतो, त्यावरून कुणाच्या चालीचा निवाडा करता येत नाही, हे उरलेलं अर्धं मी पुढच्या स्लाइडवर घाईघाईनं म्हटलं. पण ते कुणी ऐकलं नाही. बाया अजून आपसात हसत होत्या, आणि मी त्यांना हसू दिलं.

काकूचा नमुना त्या दिवशी घेतला नाही. आमच्या अभ्यासाला वयाची मर्यादा होती आणि ती मर्यादेच्या पलीकडे होती. "म्हातारीले कोण इचारते," असं म्हणून ती इतर बायांना काड्या वाटत फिरली.

त्यानंतर वर्षभरानं ती माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी मी लवकर घरी आले तर ती मोरीत बसून साडी धूत होती. पाणी लाल होतं. पाळी जाऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "कापसाच्या टाइमापासून चालू हाय." म्हणजे कित्येक महिने. मी ओरडले तिच्यावर. मला राग आला की ओरडायची सवय आहे, आणि भीती वाटली की मला राग येतो. "काऊन नाई सांगतलं मले? मी हेच काम करतो ना, काकू!"

"म्हणूनच नाई सांगतलं," ती म्हणाली.

तेव्हा मला ते कळलं नाही. दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण पसरलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, शेक, म्हणजे किरणं, आणि सोबत केमोच्या सुया घेतल्या तर बरं व्हायची चांगली आशा आहे, मात्र आता उशीर नको. मी पुढच्याच आठवड्याची तारीख घेतली. काकू म्हणाली, कपडे घेऊन येतो, आणि गावी गेली. ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "मी नाई येत. जेवढं हाय तेवढं राहू दे."

मी गावी गेले तेव्हा पहिल्यांदा तो खिळा दिसला. फोटो कुठे म्हणून विचारलं तर तिनं पेटीकडे बोट दाखवलं. मग बाजेवर बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

काकांची बदली एकदा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आष्टी तालुक्यात तळेगावला झाली होती. तिथे ते खोली घेऊन राहायचे, शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटे परत. शेती होती म्हणून काकू इथंच राहिली. असं बरीच वर्षं चाललं. एका शनिवारी त्यांनी उशीचा अभ्रा आणला होता, हिरव्या दोऱ्यानं पोपट भरलेला. घरमालकाच्या सुनेनं भरून दिला म्हणाले. काकूनं तो जपून ठेवला, पाहुणे आले की काढायची.

"पोपटाले डोया सुद्धा कसा लाल मण्याचा लावला हाय पाय," ती म्हणाली. "कोणी उगीच एवढं करते काय?"

"काकू, अभ्रा हाय थो."

"तूच सांगतलं. घरात आणतो थो माणूस. मी तं मास्तरले सोडून कोणाले—" तिनं पदर सावरून घेतला. "दवाखान्यात गेली तं गाव इचारंल, कायचा कॅन्सर. पिशवीचा म्हटलं का साऱ्या बायायले तुहा बाण आठवंल. मास्तर मेला तं गाव रडलं होतं. आता त्याच्यावर हसंल. मले नाई पाहिजे असं औषध."

इतकं सरळ गणित होतं ते. तिचा जीव की त्यांचं नाव, आणि तिनं निवडही करून टाकली होती. मी तिला तीच शिकवणी दिली जी विद्यार्थ्यांना देते: कळत नाही, ठरवता येत नाही, लग्नाआधीचाही असू शकतो, दोष कुणाचाच नाही. ती मान हलवत राहिली. खोटं बोलणाऱ्या पोराकडे शिक्षकाची बायको पाहते तशी माझ्याकडे पाहत होती. आत्ता सोयीचं म्हणून मी शब्द फिरवते आहे, असंच तिला वाटणार. दोन आठवडे मी फेऱ्या मारत राहिले. दवाखान्यातली तारीख गेली.

शेवटी एका दुपारी ती अंबाडीची भाजी निवडत होती, मी समोर बसले आणि सांगून टाकलं. माझी नळी, नवऱ्याचे खिसे, पुण्याची तिकिटं, सगळं. तिचे हात थांबले.

"जावयानं आणला?"

"मालूम नाई. मालूम होतच नाई. कोणालेही होते, काकू. मले झाला होता, गेला. तुहा राह्यला. एवढाच फरक हाय."

तिला पटलं हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं, ते खाली आले. मग तिनं विचारलं, "मंग थ्या दिवशी असं काऊन नाई सांगतलं?"

"टाळ्या पडून राहिल्या होत्या."

तिनं भाजीची पानं पुन्हा तोडायला घेतली. "मी येतो दवाखान्यात," ती म्हणाली. "पण आधी थ्याच जागी उभी राहून थ्याच बायायले हे सांग. तुह्या तोंडानं. मास्तरच्या अंगावरचा थो बाण काढ."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

त्या रविवारी बायांना पुन्हा विहारात बोलावलं. प्रोजेक्टर नाही, चादर नाही, मी नुसतीच उभी. सुरुवात ठीक झाली. मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, म्हणाले. हा विषाणू जवळपास सगळ्यांनाच होऊन जातो, त्यावरून कुणाच्या नवऱ्याला किंवा कुणाच्या बायकोला नाव ठेवता येत नाही. बाया जांभया देत होत्या. आता पुढचं वाक्य बोलायचं होतं. समोर शाळेत माझ्या वर्गात असलेल्या दोघी होत्या, आणि माझ्या नवऱ्याची एक लांबची मावसबहीण, जी याच गावात दिली आहे. मला दिसलं, संध्याकाळपर्यंत हे वर्ध्याला पोचेल. माझ्या तोंडून निघालं, "आमच्या प्रयोगशाळेतल्याच एका बाईला झाला होता. शिकलेली, चांगल्या घरातली."

"कोण व थे?" मावशीनं विचारलं.

"नाव सांगता येत नाही," मी म्हणाले. "नियम आहे."

नियम होताच. दुसऱ्याचं नाव झाकायला केलेला नियम मी स्वतःवर पांघरून घेतला, आणि कुणाला चूक दाखवता येणार नाही इतका तो नीट बसला.

"शयरात राह्यते अशा बाया," मावशी म्हणाली. "आमच्यात नाई बाप्पा." पुन्हा हशा. मी उभी होते आणि माझं तोंड उघडत नव्हतं. पहिल्या रांगेत काकू माझ्याकडे पाहत होती. तिनं वाट पाहिली. मला बोलायला पुरेल एवढा वेळ तिनं नक्की दिला, हे मी शपथेवर सांगेन. मग तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठून उभी राहिली.

"मले झाला हाय," ती म्हणाली. "पिशवीचा कॅन्सर. परवापासून शेक घ्यायले जातो. आता हसा."

कुणी हसलं नाही.

उपचारांच्या काळात ती माझ्याकडेच राहिली. माझा नवरा तिला सकाळी गाडीवर नेऊन सोडायचा आणि दवाखान्यातून घेऊन यायचा. शेकानं तिला जुलाब व्हायचे, तोंडाची चव गेली, ती वाळत चालली; पण तिनं एकही दिवस चुकवला नाही. विहारातल्या त्या दुपारबद्दल ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी नवरा भाजी आणायला गेला की फक्त विचारायची, "जावयाले सांगतलं काय?" मी म्हणायची, सांगतो. ती कुशीवर वळायची. ती मला कधी बोलली असती, रागावली असती, तर मी उलट ओरडून मोकळी झाले असते.

गावात व्हायचं ते झालं. एवढी वर्षं तळेगावला एकटा राहायचा ना मास्तर, असं कुणीतरी म्हणालं. मग ते सगळ्यांनीच म्हटलं. काकांनी ज्यांना पाढे शिकवले ती माणसं पानठेल्यावर उभी राहून डोळे मिचकावू लागली. हे मला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि सांगताना तिलाही थोडी मजा येत होती. मी एक वाक्य बोलले असते तर यातलं काही झालं नसतं. निदान अर्ध्या कुचाळक्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या असत्या, आणि तो जिवंत आहे, त्याला उत्तर देता आलं असतं. काकांना नाही. ज्यांनी मला सायकलवर बसवून या धंद्यात धाडलं त्यांच्यावर मी बाण मारला, आणि तो काढायची वेळ आली तेव्हा हात मागे घेतला. तपासणीत काकूची गाठ विरघळलेली दिसली त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडले. लोकांना वाटलं आनंदानं. आनंद होताच, पण रडू त्याचं नव्हतं.

नवऱ्याला मी शेवटी चहा पिताना सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा घाबरेल. तो कप खाली ठेवून म्हणाला, "तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलत नव्हतीस ते यामुळे? मला वाटायचं, माझी आई राहायला आली होती म्हणून." विषाणूचं त्याला काहीच वाटलं नाही. खिशांचं वाटलं. अजूनही शर्ट धुवायला टाकताना तो स्वतःच खिसे उलटे करून दाखवतो आणि हसतो. मला ते हसू सोसत नाही.

यंदा मुलींसाठी याच विषाणूची लस गावात द्यायची ठरली. आया तयार होईनात. आमच्या पोरी काय तशा हायत, असं त्यांचं म्हणणं. मला बोलावणं आलं. बाण असलेली स्लाइड मी कधीच पुसून टाकली होती. काकू बारीक झालेली, पण पहिल्या रांगेत, मान तशीच ताठ. मी उभी राहिले आणि आडवळण न घेता सांगितलं, "मागच्या वेळी मी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईचं सांगितलं होतं. ती बाई मी. मला झाला होता. माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. त्यात त्याचा दोष नाही, माझा नाही, आणि मास्तरांचाही नव्हता."

मग मावशीनं पदरानं डोळे पुसले.

"पाय व, काकूसाठी पोट्टी सोतावर घेऊन राह्यली," ती शेजारणीला म्हणाली. "एवढी शिकली पण माया नाई सोडली."

"मावशी, खरं सांगून राहिली मी."

"हो माय, खरंच हाय तुहं." तिनं माझा हात हातात घेऊन थोपटला. मागून एक बाई म्हणाली, पोरगी असावी तं अशी. माझ्या वर्गातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आकडा, नळी, साहित्य सगळं सांगत सुटले, आणि जितकं सांगत गेले तितक्या त्या अधिक कौतुकानं माझ्याकडे पाहू लागल्या. मास्तरच्या नावासाठी मी आपल्या अंगावर खोटा डाग घेतेय, असं सगळ्या विहाराला पटून चुकलं. टाळ्याही पडल्या. पोरींची नावं मात्र बऱ्याच जणींनी दिली.

खरं काय ते त्या खोलीत माझ्याशिवाय एकट्या काकूला ठाऊक होतं. ती उठून साडी झटकत दाराकडे निघाली.

घरी आल्यावर काकूनं पेटी उघडली. फोटो त्या पोपटाच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. तिनं अभ्रा सोडवला, त्यानंच काच पुसली आणि घडी घालून पुन्हा पेटीत ठेवून दिला. फोटो माझ्या हातात देत म्हणाली, "तूच लाव." मी स्टुलावर चढले आणि खिळ्याला दोरी अडकवली. उजळ डाग फोटोमागे गेला. "उजवीकडं घे जरासा," ती खालून म्हणाली, आणि मी घेतला.

"काकू, बायायनं नाई मानलं," मी तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले.

"लवकर सांगतलं असतं तं मानलं असतं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.